गिरडचे गोटे आणि उद्याची कादंबरी

विज्ञानकादंबरी आणि अद्भुत कादंबरी यांना वाचक, प्रकाशक आणि ग्रंथपाल बहुधा एकाच कप्प्यात घालतात. दोन्हींत कधी न घडलेले घडते, हे खरे. पण ते घडवून आणायची रीत निराळी. ही रीत समजून घ्यायला वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातली गिरडची टेकडी सोयीची आहे. टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे आणि आसपासच्या उतारांवर लहानमोठे गोलसर गोटे सापडतात. लोककथा सांगते की, माल घेऊन निघालेल्या बंजारा व्यापाऱ्यांनी या फकिराची थट्टा केली आणि त्याच्या शापाने त्यांचा सगळा माल दगड होऊन पडला. भूशास्त्राची गोष्ट याहून लांबलचक आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे पठार लाव्हाच्या थरांवर थर चढून घडले. थिजत्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले आणि त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत झिओलाइट जातीची खनिजे साचवली. भोवतालचा खडक झिजून माती झाला आणि आतले गोटे मोकळे झाले.

अद्भुत कादंबरी लिहिणारा शाप खरा धरून चालतो. मग त्याला शापाचे कायदे ठरवावे लागतात: तो कोणाला बाधतो, उतरतो कसा, शाप देणाऱ्याला त्याची काय किंमत पडते, दगड झालेल्या मालावर सावकाराचे कर्ज असेल तर ते फेडायचे कोणी. विज्ञानकादंबरीकार लाव्हा खरा धरतो आणि त्यात एकच ‘समजा’ घालतो: समजा, एका गोट्याच्या पोटात निसर्गाने न घडवलेले काही निघाले. पुढचे सगळे त्या एका गृहीतातून, कार्यकारणाची साखळी न तोडता यावे लागते. चांगल्या कादंबरीची परीक्षा दोन्हीकडे सारखीच आहे. आपणच घातलेले नियम लेखकाने शंभराव्या पानावर सोयीसाठी मोडले, की वाचकाचा विश्वास उडतो.

सुरुवातीच्या मराठी कादंबरीवर अद्भुताचा पगडा होता. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची, आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ त्याच दशकातली. राजपुत्र, राजकन्या, दुष्ट प्रधान, योगायोग आणि चमत्कार यांनी ती पाने भरलेली होती. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेले अरबी सुरस गोष्टींचे भाषांतरही याच काळातले. हरी नारायण आपटे यांनी १८८५ मध्ये ‘मधली स्थिती’ आणि १८९० पासून ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिली, तेव्हा वारे फिरले. पुण्याच्या वाड्यातली बालविधवा हा कादंबरीचा खरा विषय ठरला आणि राजकन्या पोरांच्या पुस्तकांत गेली. मराठी समीक्षेने वास्तववादाला जो मान तेव्हा दिला, तो आजवर काढून घेतलेला नाही. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’सारख्या कादंबऱ्या पिढ्यान् पिढ्या वाचल्या गेल्या, पण अभ्यासक्रमाच्या दारात त्या क्वचितच पोचल्या.

मात्र वाचकाची अद्भुताची भूक मेली नाही. तिने पौराणिक कादंबरीत आसरा घेतला. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त बाप मुलाकडून तारुण्य मागून घेतो. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’चा नायक कवचकुंडले अंगावर घेऊनच जन्मतो. दुसऱ्या भाषेत याच गोष्टींवर ‘फॅन्टसी’ची पाटी लागली असती. मराठीत त्या गंभीर साहित्य मानल्या जातात, कारण त्यांच्यामागे महाभारत उभे आहे. २०१० मध्ये अमीश त्रिपाठी यांची ‘मेलुहा’ची कादंबरी इंग्रजीत आली आणि तिच्या मराठी अनुवादालाही वाचक मिळाला. तिच्यातली मौज वेगळीच आहे. तिथे शिव हा तिबेटकडून आलेला माणूस आहे आणि सोमरसाच्या गुणाचे स्पष्टीकरण शरीरातल्या ऑक्सिडीकरणाच्या भाषेत दिलेले आहे. पुराणाचा वेष घेतलेली ही खरे तर विज्ञानकथेची रीत. पण ती पुरती निभावलेली नाही. अडचण आली की विज्ञान मागे सरते आणि दैव पुढे येते. वर्णनाचा वेग दांडगा, भाषा मात्र सपाट. ‘ययाति’त एका जराक्रांत शरीराची जी भीती जाणवते, ती इथल्या मोठमोठ्या लढायांत जाणवत नाही.

विज्ञानकथा मराठीत आली ती भाषांतराच्या वाटेने, आणि तीही महाराष्ट्राबाहेरून. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी १८८६ मध्ये कोचीहून सुरू केलेल्या ‘केरळ कोकिळ’ मासिकात, १९०० च्या सुमारास, ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे रूपांतर क्रमशः छापले गेले. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या ओळखीचा केला. ‘चंद्रावर स्वारी’ आणि ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही नावे आज साठी ओलांडलेल्या अनेकांना पाठ असतील. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ मासिकाने भुताखेतांच्या, रहस्याच्या आणि विज्ञानाच्या कथांना एकाच मांडवात जागा दिली. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि तिने विज्ञानकथांच्या स्पर्धा भरवायला सुरुवात केली.

१९७४ च्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या स्पर्धकाच्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी ते नाव घेतले होते, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी या नव्या प्रकाराची दखल घेतली आणि विज्ञानकथेला साहित्याच्या पंगतीत पाट मिळाला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे, अरुण मांडे ही नावे त्यानंतरच्या दोन दशकांत रुजली. लोंढे यांची ‘दुसरा आइनस्टाइन’ ही कथा जेम्स गन यांनी संपादित केलेल्या जागतिक विज्ञानकथांच्या संग्रहात इंग्रजीतून गेली. बँकेत नोकरी करून लिहिणाऱ्या माणसाच्या मराठी कथेला हा मान मिळाला, याची चर्चा मराठीत व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

या यादीतले बहुतेक सगळे कथाकार आहेत. मराठी विज्ञानसाहित्य कथेत बळकट आणि कादंबरीत अशक्त राहिले, त्याला कारण छपाईचे अर्थकारण आहे. लेखक दिवसा प्रयोगशाळेत, महाविद्यालयात किंवा बँकेत. लिहायला सवड तेवढीच. मागणी दिवाळी अंकाची. जागा दहा-बारा पानांची. स्पर्धेलाही शब्दमर्यादा असतेच. दहा पानांत एक कल्पना मांडता येते, शेवटी एक धक्का देता येतो. त्या कल्पनेने बदललेल्या जगात माणसे लग्न कशी करतात, भांडतात कशावरून, पोट कसे भरतात, हे दाखवायला चारशे पाने लागतात. ती पाने छापायला प्रकाशक लागतो आणि विकत घ्यायला ग्रंथालये.

कथेच्या आकारात या परंपरेने काय साधले, ते पाहायला नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ घ्यावी. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईला रेल्वेने निघतात आणि एका निराळ्याच मुंबईत उतरतात. तिथे ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल अजून चालू आहे. ग्रंथालयात जाऊन ते इतिहासाचे खंड चाळतात, तेव्हा त्यांना दिसते की १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना गोळी लागलीच नाही. ती निसटती गेली आणि मराठे पानिपत जिंकले. पंत परततात ते खिशात राहिलेल्या बखरीच्या एका पानासह. त्यांचा मित्र त्यांना पुंजभौतिकीच्या आधारे समजावतो की, एका क्षणाला अनेक शक्यता असतात आणि आपण त्यांतली एकच जगतो. पानिपत ही मराठी मनाची सर्वांत जुनी ठसठस. नारळीकरांनी नेमक्या त्याच जागी बोट ठेवून अवघड भौतिकी सामान्य वाचकाच्या गळी उतरवली. या कथेचे इंग्रजी रूप पुढे देशभरातल्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात गेले.

त्याच लेखकाच्या कादंबऱ्यांत मात्र हे बळ पातळ होते. ‘वामन परत न आला’त जमिनीखाली एका लुप्त, अतिप्रगत संस्कृतीची ठेव सापडते, तिच्यातल्या सूचनांप्रमाणे शास्त्रज्ञ एक बुद्धिमान यंत्रमानव बनवतात, आणि त्याला आपल्यासारखे आणखी यंत्रमानव घडवायचे आहेत हे त्यांना उशिरा कळते. यंत्रबुद्धीची आजची चर्चा पाहता १९८० च्या दशकातली ही कल्पना किती दूरचे पाहणारी होती, हे सांगायला नको. पण कादंबरीतली माणसे एकमेकांशी बोलताना फळ्यापुढे उभी असल्यासारखी बोलतात. वामनाने कामे हिरावल्यावर गिरणीतल्या कामगाराचे किंवा शेतमजुराचे काय होईल, हा प्रश्न कथानकात शिरत नाही. संकट शास्त्रज्ञांच्या वर्तुळात उभे राहते आणि तिथेच निस्तरले जाते. नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. त्यानंतर त्यांचे साहित्य पुन्हा वाचणाऱ्यांना कथा आणि कादंबरी यांतला हा फरक ठळक दिसेल.

अख्ख्या समाजासकट भविष्य मांडणारी मराठी कादंबरी वर्ध्यापासून पाऊणशे किलोमीटरवर, नागपुरात लिहिली गेली. नंदा खरे म्हणजे अनंत यशवंत खरे हे आयआयटी मुंबईचे स्थापत्य अभियंता. बांधकामाच्या धंद्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली, आणि ‘दगडावर दगड, विटेवर वीट’ हे पुस्तक त्याच अनुभवातून आले. नागपूरहून निघणाऱ्या ‘आजचा सुधारक’ या मासिकाचे ते काही काळ संपादक होते. ‘वीसशे पन्नास’ ही भविष्यावरची कादंबरी त्यांनी १९९० च्या दशकातच लिहिली होती. ‘अंताजीची बखर’मध्ये त्यांनी अठराव्या शतकाकडे एका सामान्य, चलाख, पोटार्थी माणसाच्या नजरेने पाहिले. नारळीकरांनी पानिपतचा निकाल बदलून पाहिला. खऱ्यांनी निकाल तसाच ठेवून इतिहास सांगणारा बदलला.

खऱ्यांची ती कादंबरी म्हणजे २०१४ ची ‘उद्या’. तिच्यातला काळ फार दूरचा नाही, आणि तिच्यात उडत्या तबकड्याही नाहीत. लेखकाने आजच्या काही रेषा फक्त पुढे ओढल्या आहेत. स्त्रीभ्रूणहत्येमुळे मुली कमी झाल्या, तर वीस-तीस वर्षांनी स्त्रियांच्या वाट्याला काय येईल? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली नऊशेपेक्षाही कमी भरल्या होत्या, तेव्हा हा प्रश्न हवेतला नव्हता. प्रत्येक नागरिकाची प्रत्येक हालचाल एका ओळखव्यवस्थेला जोडली, तर खासगी म्हणून काय उरेल? देशातला पहिला आधार क्रमांक सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. चारच वर्षांनी आलेल्या या कादंबरीत ‘भरोसा’ नावाची ओळखव्यवस्था माणसांच्या मानगुटीवर बसलेली आहे. सरकार आणि मोठ्या कंपन्या यांच्यातली सीमा पुसट झाली, पूर्व विदर्भातल्या जंगलाखालचे खनिज कोणाला तरी हवेच असले, तर जंगलातल्या माणसांचे काय, हेही तिच्यात येते.

या कादंबरीची खरी करामत तिच्या भाषेत आहे. कचेरीतले इंग्रजीमिश्रित बोलणे, वऱ्हाडी-नागपुरी ढंग, जाहिरातीतली गुळगुळीत मराठी आणि सरकारी परिपत्रकाचा कोरडेपणा हे सगळे एकमेकांवर आदळते. भविष्य दाखवायला लेखकाला नवी यंत्रे फारशी लागत नाहीत. माणसांचे बोलणे किती सपाट आणि सावध झाले आहे, हे दाखवूनच तो काम भागवतो. दोषही आहेत. अनेक कथानकांचे पेड घालताना काही पात्रे हातातून निसटतात, आणि लेखकाला इतके काही ठाऊक आहे की मधूनमधून तो ते सांगितल्याशिवाय राहत नाही. वाचकाला पहिली पन्नास पाने नेटाने ओलांडावी लागतात. तरी मराठीतल्या भविष्यलक्ष्यी कादंबऱ्यांत हिच्या जोडीला बसवावी अशी दुसरी चटकन आठवत नाही. अरुण साधूंची ‘विप्लवा’ महत्त्वाकांक्षेत जवळ येते. समाजाच्या बारकाव्यात नाही. साहित्य अकादमीने २०२० सालच्या पुरस्कारासाठी ‘उद्या’ची निवड केली, तेव्हा समाजाने आपल्याला पुष्कळ दिले आहे अशा भूमिकेतून खऱ्यांनी तो नम्रपणे नाकारला. जुलै २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

इंग्रजीत गेल्या दहा-बारा वर्षांत आलेल्या ज्या कादंबऱ्यांची नावे मराठी वाचकांच्या कानावर पडतात, त्यांतल्या दोन वर्धा परिसराच्या वाचकाला विशेष जवळच्या वाटाव्यात. किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांची ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर’ (२०२०) उत्तर प्रदेशातल्या उष्णतेच्या लाटेने उघडते; तिच्यात २ कोटी माणसे दगावतात. हे वाचून विदर्भातला माणूस सुरुवातीला मनात म्हणेल की, ४५-४६ अंश आम्ही दर मे महिन्यात सोसतो. पण कादंबरीतले संकट नुसत्या पाऱ्याचे नाही. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळले की पाणी उडून जाताना पारा उतरतो. किती उतरेल ते हवेच्या कोरडेपणावर ठरते. माणसाचे घामेजलेले शरीर म्हणजे असेच ओले फडके. हे ‘ओले’ तापमान ३५ अंशांवर पोचले, तर घाम वाळेनासा होतो आणि सावलीत, पंख्याखाली बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत दगावू शकतो.

वर्ध्याच्या घराघरात हे भौतिकशास्त्र खिडकीला टांगलेले असते. मे महिन्यात हवा रखरखीत कोरडी. पारा ४५ वर, आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास. अशा हवेचे ओले तापमान २४-२५ अंशच भरते. म्हणून कूलरच्या ताट्यांवरून आलेला झोत गार लागतो आणि वाळ्याची ताटी भिजवली की दुपार सरते. जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेल्यावर पारा ३५ पर्यंत उतरतो, पण आर्द्रता साठ टक्क्यांवर जाते आणि ओले तापमान २८ च्या घरात पोचते. तोच कूलर आता नुसता दमटपणा फेकतो, अंग चिकचिकते आणि घरातले कोणीतरी उठून पाण्याचा पंप बंद करते. रॉबिन्सन यांनी हाच जून आणखी काही अंश पुढे ढकलला आहे. पुस्तकाचा हा पहिला भाग जबरदस्त आहे. नंतर ते बैठका, चलनव्यवस्था आणि हिमनद्यांखालचे पाणी उपसण्याचे प्रयोग यांत पसरते आणि कादंबरीपेक्षा धोरणाच्या टिपणासारखे वाटू लागते. उन्हाच्या तलखीवर विदर्भात कविता पुष्कळ झाल्या. त्या तलखीचे पुढे काय होणार, हा विषय कादंबरीकाराच्या हाती अजून यायचा आहे.

दुसरे पुस्तक बेकी चेंबर्स यांचे ‘अ साम फॉर द वाइल्ड-बिल्ट’ (२०२१). ही खरे तर दीर्घकथाच; विज्ञान-अद्भुत साहित्यासाठीचा २०२२ चा ह्यूगो पुरस्कार तिला मिळाला. तिच्यातल्या जगात यंत्रमानवांनी एके दिवशी कारखाने सोडले आणि ते रानात निघून गेले. माणसांनी त्यांना अडवले नाही. आपले जगणे आवरते घेतले आणि अर्धी जमीन रानाला सोडली. गावोगाव फिरून चहा पाजणारा, लोकांचे मन ऐकून घेणारा एक जोगी आणि रानातून आलेला एक यंत्रमानव यांची ही शांत भटकंती आहे. माणसाला पुरेसे म्हणजे किती, हा तिचा प्रश्न. संघर्ष इतका थोडा की, काही वाचकांना ती अळणी लागते. तो आक्षेप अगदी खोटाही नाही.

पण हा प्रश्न वर्ध्याला परका नाही. ‘हिंद स्वराज्य’ (१९०९) लिहिणारे गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले. तिथली कुटी माती, बांबू आणि कौलांची. पण आश्रमात व्हाइसरॉयशी बोलण्यासाठी बसवलेला टेलिफोनही होता. अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले. अटी अशा: झोपडीत चालला पाहिजे, किंमत दीडशे रुपयांच्या वर जाता कामा नये, वीस वर्षे टिकला पाहिजे. किर्लोस्करांचे यंत्र स्पर्धेत उतरले, पण अटींच्या कसोटीला पुरेपूर उतरले नाही आणि बक्षीस कोणालाच गेले नाही. यंत्राला विरोध करणारा म्हणून ज्याची ख्याती, त्याच्या संस्थेने यंत्र शोधणाऱ्यांसाठी एवढी मोठी रक्कम ठेवावी, यातच एक कादंबरी दडलेली आहे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्याच्या मगनवाडीतून चाले. जे. सी. कुमारप्पांनी तिथे तेलघाणी, हातकागद आणि गूळ यांवर प्रयोग करवले. निसर्गाचे भांडवल खाऊन चालणारी आणि त्याच्या वार्षिक उत्पन्नावर चालणारी, असे अर्थव्यवस्थेचे दोन प्रकार त्यांनी मांडले. त्यांचे ‘स्थायी अर्थव्यवस्थे’वरचे इंग्रजी पुस्तक १९४५ चे. पश्चिमेत ‘सोलरपंक’ नावाने जे आशावादी विज्ञानसाहित्य अलीकडे लिहिले जाते, त्याचा पाया याहून फार निराळा नाही. मगन संग्रहालयात घाण्या आणि चरखे आजही पाहायला मिळतात. भारत त्या वाटेने गेला असता तर २०५० चे वर्धा कसे दिसले असते, त्यात जात उरली असती का, मुलींना तेलघाणीच्या कामातून सुटका मिळाली असती का, असे विचारणारी कादंबरी मराठीत कोणी लिहिल्याचे दिसत नाही. खऱ्यांनी वाईट उद्या लिहिला. चांगला उद्या लिहिणे कलेच्या दृष्टीने अधिक अवघड, कारण सगळे सुरळीत असले की गोष्ट थांबते. म्हणून अशा कादंबरीला त्या सुरळीतपणाची किंमत कोण मोजतो, ते शोधावे लागते.

अद्भुताच्या बाजूला गेल्या दशकात अधिक हालचाल आहे, आणि ती मुख्यतः भयाच्या अंगाने. नारायण धारपांच्या कादंबऱ्या साकेत प्रकाशनाने नव्याने बाजारात आणल्या. त्यांचा ‘समर्थ’ हा नायक पुन्हा तरुण वाचकांच्या हाती गेला. ‘तुंबाड’ या २०१८ च्या हिंदी चित्रपटाची प्रेरणा धारपांच्या कथेत होती, हे कळल्यावर मूळ कथा शोधणारेही निघाले. धारपांचे गद्य आज वाचताना त्यातला रसायनशास्त्राचा पदवीधर जाणवतो: भूत आले तरी खोलीची मापे, दिव्याचा प्रकाश आणि घड्याळातली वेळ नेमकी असते. परदेशी कथानके त्यांनी उघड उचलली, हा आक्षेप मात्र टिकतो. ‘लुचाई’ची गोष्ट स्टीफन किंगच्या व्हॅम्पायरच्या कादंबरीची ऋणी आहे. हृषीकेश गुप्ते यांनी ‘दंशकाल’मध्ये भय एका कुटुंबाच्या इतिहासात मुरवले. गूढकथेचा वाचक आणि गंभीर कादंबरीचा वाचक हे दोघेही एकाच पुस्तकापाशी आले, असे मराठीत क्वचित घडते. भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ला २०२४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. अद्भुताला मान मिळायचा तो अजून मुलांच्या दारातून मिळतो, हे त्यावरून दिसते.

परदेशी अद्भुताची मोठी भाषांतरेही आता मराठीत आहेत. हॅरी पॉटरची पुस्तके आहेत. टॉल्कीनची महाकादंबरी मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आणली. विज्ञानकादंबरीच्या बाबतीत ही वाट अरुंद आहे. ल्यू त्सिशिन यांची ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ २००६ मध्ये चेंगदूच्या एका विज्ञानकथा मासिकात क्रमशः छापली गेली. २०१४ मध्ये ती इंग्रजीत आली आणि पुढच्याच वर्षी ह्यूगो पुरस्कार घेऊन गेली. विज्ञानकथेला वाहिलेले, वर्षभर नियमित निघणारे, लांब कादंबरी क्रमाक्रमाने छापायची तयारी असलेले मासिक चिनी लेखकांपाशी होते. मराठीत ‘नवल’सारख्या मासिकांनंतर ती जागा बव्हंशी रिकामीच राहिली. दिवाळी अंक वर्षातून एकदा येतो, आणि वर्षातून एकदा येणाऱ्या अंकात क्रमशः काही छापता येत नाही.

ती जागा सध्या मोबाइल भरून काढतो आहे. प्रतिलिपीवर मराठी भयकथा आणि अद्भुत मालिका रोज एकेका भागाने चढतात. स्टोरीटेलने २०१७ पासून मराठीत ऐकायच्या मालिका आणल्या. तिथला लेखक आर्वी-हिंगणघाटचा असू शकतो, त्याला पुण्यातला प्रकाशक गाठावा लागत नाही. पण रोजच्या भागाचा हिशेब वेगळा असतो. प्रत्येक भागाच्या शेवटी उत्कंठा हवी, म्हणून नियम आधी ठरवून जग उभारण्याऐवजी संकटावर संकट रचले जाते, आणि तिसाव्या भागात पहिल्या भागातला शाप लेखकालाच आठवत नाही. संपादकाचा हात फिरलेली मालिका त्यांत लगेच ओळखू येते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ९६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन वर्ध्यात भरले. त्याआधी, डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला, या संमेलनाचे अध्यक्षपद पहिल्यांदाच एका विज्ञानकथाकाराकडे, म्हणजे नारळीकरांकडे गेले होते. तालुक्याच्या ग्रंथालयात मात्र त्यांच्या कादंबऱ्या शोधायला कधी बालसाहित्याच्या कपाटापाशी जावे लागते, कधी खगोलशास्त्राच्या, आणि ‘उद्या’ सामाजिक कादंबऱ्यांत ठेवलेली सापडते.